गवंडीणबाई आणि नववी पायरी

ठोकळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे गवंडीणबाई म्हणत. तिनं आयुष्यात कधी थापी हातात धरली नव्हती, आणि सिमेंटचा नुसता वास आला तरी तिला सात शिंका येत. पण प्लॅस्टिकचे ठोकळे समोर टाका, मग घर म्हणा, पूल म्हणा, आगीचा बंब म्हणा, ती असा उभा करायची की टेबलावरून खाली पडला तरी फार तर एखादं चाक निखळावं. दुकानात खोकं मिळतं, त्यात ठोकळ्यांच्या पिशव्या असतात आणि कशावर काय बसवायचं हे चित्रांनी सांगणारी पुस्तिका असते. ते सगळं त्याआधी कुणीतरी शंभर वेळा बांधून आणि मोडून पाहिलेलं असतं. ते कुणीतरी म्हणजे ही. एकवीस वर्षं.

आणि एकवीस वर्षांत तिला कुणी ओळखत नव्हतं. खोक्यावर एका गुटगुटीत पोराचा हसरा फोटो असायचा. ते पोर म्हणजे रंगखात्यातल्या बाईंचा भाचा. त्यानं जन्मात एक भिंत बांधली नाही, त्याला ठोकळे चावायची सवय होती. गवंडीणबाई दुकानासमोरून जाताना त्या फोटोकडे बघून नाक मुरडायची. पाच वर्षांच्या पोराचाही हेवा करायचा म्हणजे त्याला जरा दमच लागतो, आणि तो तिच्याकडे भरपूर होता.

मग कंपनीला एका व्हिडिओ गेमचं लायसन्स मिळालं.

तो गेम तेव्हा घराघरांत चालला होता. एक म्हातारा कंदीलवाला, त्याच्या हातात कंदील, आणि एक उंच मनोरा. मनोऱ्यातले सगळे दिवे लावत वर जायचं, एवढंच. पण शाळेतली मुलं, बँकेतले कारकून, दातांचे डॉक्टर, सगळे त्या म्हाताऱ्याला घेऊन जिने चढत होते. गेमवाल्यांनी आपलं नाव आणि चित्रं वापरायला दिली, पण अट घातली. मनोरा तंतोतंत गेममधल्यासारखा हवा. त्यांची तपासणीस येणार, ती हो म्हणाली तरच खोकी छापायची.

कारखान्याचे साहेब कायम खिशात फूटपट्टी घेऊन हिंडत, म्हणून त्यांचं नाव मोजपट्टी. त्यांनी गवंडीणबाईला बोलावून मनोऱ्याचं काम दिलं आणि जाता जाता म्हणाले की असले गेमचे संच मोठी माणसंही घेतात, आणि हे कुणी बांधलं ते त्यांना बघायचं असतं. तेव्हा या खेपेला पुस्तिकेच्या पहिल्या पानावर बांधणाऱ्याचा फोटो येईल.

गवंडीणबाई चेहऱ्यावर काही न दाखवता बाहेर आली. मग थेट शिंप्याकडे गेली आणि मोरपंखी कापड टाकून आली. त्या आठवड्यात ती आरशासमोर इतका वेळ उभी राहायला लागली की नवऱ्याला वाटलं, हिचा दात दुखतोय. दात दुखत नव्हता, पण उजवीकडचा एक जरा वाकडा होता. म्हणून मान सरळ, नजर सरळ समोर, आणि हसायचं ते फक्त डावीकडून, असा सराव चालला होता.

अडचण एकच. तिनं तो गेम कधी खेळला नव्हता. गेम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे तिचं ठाम मत. आणि त्या मताला तिच्या घरात चालतंबोलतं उदाहरण होतं. तिची धाकटी जाऊ.

घर दुमजली. वर गवंडीणबाई आणि तिचा नवरा, खाली दीर आणि धाकटी. सासूबाईंचे गुडघे जिना मानत नाहीत म्हणून त्याही खालीच. धाकटी नऊ वर्षांपूर्वी या घरात आली ती हसतच आली आणि अजून थांबली नव्हती. उशिरा उठायची. केस विंचरले तर विंचरले. तिच्या कुंडीतली झाडंसुद्धा न विचारता वाढत, आणि थोरलीची मात्र खतपाणी खाऊन वर रुसून बसत. सगळे कामाला गेले की धाकटी टीव्हीसमोर मांडी ठोकून गेम खेळायची. गवंडीणबाईला हे माहीत होतं आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे, अर्थात काळजीपोटी.

मोजपट्टी साहेबांना गेमची खडान्‌खडा माहिती असणारं माणूस हवं होतं. कारखान्याच्या चहापानाला गवंडीणबाईचा नवरा आला होता, तो मोठ्या उत्साहानं म्हणाला, "आमच्या धाकटीनं तो गेम चार वेळा संपवलाय." बिचाऱ्याला कल्पना नव्हती. पुढचे तीन दिवस त्याच्याशी घरात फक्त भांडी बोलत होती.

तर धाकटी आठवड्यातून तीन दिवस कारखान्यात यायला लागली. काम काय, तर मनोऱ्याभोवती फिरायचं आणि जिथं चूक दिसेल तिथं पिवळी चिठ्ठी चिकटवायची. चूक सुधारली की गवंडीणबाईनं ती चिठ्ठी काढून साहेबांच्या फायलीत लावायची.

'छप्पर एक छटा जास्त हिरवं.' 'मांजरं तीन नाहीत, चार.' 'हे दार आत उघडतं, बाहेर नाही.' अक्षर गोल, मोत्यांसारखं. त्याचाही रागच. गवंडीणबाई दात आवळून प्रत्येक चिठ्ठीप्रमाणे बदल करायची, कारण हेवा कितीही असला तरी हात प्रामाणिक होता. शिवाय धाकटी दर वेळी बरोबर असायची, हे जास्त झोंबायचं.

कारखाना तर पंधरा दिवसांत तिच्या खिशात. फाटकावरचा पहारेकरी एकवीस वर्षं रोज गवंडीणबाईचं ओळखपत्र उलटंपालटं करून बघत आला होता. तो धाकटीला लांबून पाहून फाटक उघडायचा आणि वर विचारायचा, "सर्दी कशी आहे, ताई?" गवंडीणबाईला त्या हिवाळ्यात दोनदा ताप येऊन गेला होता. फाटकाला पत्ता नव्हता.

आणि मग एका दुपारी मोजपट्टी साहेब मनोऱ्याची उंची मोजता मोजता सहज बोलून गेले. पहिल्या पानावर धाकट्या बाईंचा फोटो घ्यावा असं वाटतंय. खेळणाऱ्यांना आपल्यातलंच कुणीतरी वाटेल. बांधकाम काय, आपलं नेहमीचंच आहे.

गवंडीणबाई म्हणाली, "बरोबर आहे साहेब." तोंडानं म्हणाली. मनात जे म्हणाली ते लिहायला कागद पुरायचा नाही. नेहमीचंच. मोरपंखी कपडे शिवून कपाटात लटकत होते, आणि हे म्हणतात नेहमीचंच.

त्याच संध्याकाळी जिन्यावर चिठ्ठी दिसली.

आता हा जिना म्हणजे तिच्या जिवाचा तुकडा. तेरा पायऱ्यांचा, गोल गोल वर जाणारा, आणि अख्ख्या मनोऱ्याचा भार त्याच्यावर तोललेला. अकरा दिवस त्यात गेले होते. आणि त्यावर ते गोल अक्षर: 'नववी पायरी पडायला हवी. कंदीलवाला इथूनच तळघरात पडतो. किल्ली तिथं आहे. इथं सगळे पडतात!'

तिनं दोनदा वाचलं. पायरी पडायला हवी? हिला जिना कळतो का? खोकं घरी नेऊन बांधणारा म्हणेल, हे बघा, पायरी मोडकी निघाली. एकवीस वर्षांत तिच्या हातची पायरी पडली नव्हती. तिनं इकडेतिकडे पाहिलं, चिठ्ठी अलगद सोडवली आणि फायलीत न लावता चष्म्याच्या डबीत, चष्मा पुसायच्या फडक्याखाली ठेवली. धाकटीनं नंतर विचारलं तर म्हणाली, "हो गं, सगळं बघते मी." धाकटी गोड मानून गेली. साहेबांनी विचारलं की सगळ्या चिठ्ठ्या लागल्या का, तर म्हणाली, लागल्या.

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं खरंच चढलं. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती घरी आली. धाकटीचा तो घरी राहायचा दिवस. वर जायला निघाली तर खालच्या खोलीतून हसण्याचा आवाज. धाकटीचा तर होताच, पण आणखी एक होता, जाडसर, खोकल्यासारखा, पूर्वी कधी न ऐकलेला. दार लोटून पाहिलं तर टीव्हीसमोर पाय पसरून सासूबाई. हातात गेमचं रिमोटसारखं ते यंत्र, नाकावर चष्मा, आणि शेजारी धाकटी.

या सासूबाईंच्या गुडघ्यांना अठरा वर्षं रोज तेल लावणारी कोण, तर थोरली. त्या अठरा वर्षांत सासूबाईंनी तिच्याशी बोललेली वाक्यं मोजली तर निम्मी 'जरा वर' आणि निम्मी 'जरा खाली' अशी निघतील. त्या दुपारी झोपतात, अशी सगळ्या घराची समजूत होती.

सासूबाईंनी मान न वळवता सांगितलं, "थोरले, बस तिथं. बोलू नको. नववी आली."

पडद्यावर कंदीलवाला धापा टाकत जिना चढत होता. नवव्या पायरीवर पाय पडला, पायरी निसटली, म्हातारा गडगडत खाली अंधारात गेला, आणि सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पडणार हे माहीत असून हसल्या. किती वेळा पडल्या असतील, तीन वर्षं म्हणे दोघींचं हे चाललंय.

"आई, माहिती असून पडता कशाला?" थोरलीनं विचारलं.

"अगं, न पडता वर गेलं की पुढचं दार उघडत नाही. किल्ली खालीच मिळते." मग यंत्र धाकटीच्या हातात देत त्या म्हणाल्या, "आणि पडण्यातच तर गंमत आहे. तुला नाही कळायची. तू कामाची बाई."

झालं. कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

आता कुणाही शहाण्या माणसाला वाटेल की पायरीचं महत्त्व कळलं, तेव्हा बाई दुसऱ्या दिवशी जाऊन चिठ्ठी फायलीत लावेल. तिच्याही मनात आलं होतं. कारखान्यात जाऊन तिनं डबी उघडलीही. पण ते गोल अक्षर दिसलं आणि त्यामागून सासूबाईंचं ते खोकल्यासारखं हसू ऐकू आलं. आधी फाटक गेलं, मग फोटो, आणि आता सासूही. डबी खटकन बंद झाली. परवा जी चूक होती ती आज मुद्दाम झाली, आणि हे तिला स्वतःला पक्कं माहीत होतं.

गुरुवारी तपासणीस बाई आल्या. आखूड पांढरे केस, पायांत आवाज न करणारे बूट, आणि कुणी काही म्हणालं की दोन क्षण थांबून उत्तर द्यायची सवय. त्यांनी छपराची छटा पाहिली, मांजरं मोजली, दार आत ढकललं. मोजपट्टी साहेब फूटपट्टीनं स्वतःच्याच मांडीवर ताल धरून उभे. धाकटी भिंतीला टेकून. गवंडीणबाई टेबलाच्या कडेशी, अंगावर मोरपंखी. कारण काय सांगावं, फोटोवाला आजच आला तर?

बाईंनी पिशवीतून बोटाएवढा प्लॅस्टिकचा कंदीलवाला काढला आणि दोन बोटांत धरून त्याला जिना चढवायला लागल्या. एक, दोन, तीन. आठवीवर थांबल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखं हसू आलं. नववीवर पाय ठेवला. काही झालं नाही. त्यांनी पायरी बोटानं दाबून पाहिली. मग जोर लावून दाबून पाहिली.

"ही पडत नाही," त्या म्हणाल्या.

साहेब खूश. आमच्या बाईंचं काम म्हणजे दगड, वगैरे.

"पण पडायला हवी. नाही पडली तर किल्ली कशी मिळणार?" बाईंचं हसू गेलं होतं. त्यांनी वही मिटली. वही मिटण्याचा अर्थ सगळ्यांना कळला. हे खोकं निघणार नव्हतं.

साहेब वळले ते थेट धाकटीकडे. "बाई, तुम्हाला इथं कशासाठी आणलं होतं? एवढी साधी गोष्ट सांगितली नाहीत?"

धाकटीनं जिन्याकडे पाहिलं. मग थोरलीकडे पाहिलं, एकदाच. तिला सगळं समजलं, हे थोरलीलाही समजलं. आता ती सांगणार, आणि सांगायला हवंच होतं, तिचा हक्क होता.

"राहिलं माझ्याकडून," धाकटी म्हणाली.

गवंडीणबाईच्या मनात त्या वेळी पश्चात्ताप दाटून आला असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मनात आला तो संताप. फाटक हिचं, फोटो हिचा, सासू हिची, कुंडीतली झाडं हिची. आणि आता मोठ्या मनाचा मानही हिनंच न्यायचा? थोरलीनं लपवायचं आणि धाकटीनं पोटात घालायचं, आणि जन्मभर त्या उपकाराखाली राहायचं? ते काही होणार नव्हतं. तिनं डबी उघडली, फडकं बाजूला केलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"खोटं बोलतेय ती. तिनं लिहून दिलं होतं. मी लपवलं."

साहेबांची फूटपट्टी मांडीवरच थांबली. तपासणीस बाईंनी चिठ्ठी वाचली, दोन क्षण थांबल्या, आणि विचारलं, का?

"साहेब हिचा फोटो छापणार म्हणाले म्हणून," गवंडीणबाई म्हणाली. एकदा खरं बोलायचं ठरलं की ती त्यातही काटकसर करत नसे. "आणि जिना माझा आहे. तो पडका दाखवायचं माझ्या जिवावर आलं."

धाकटीनं ओठ घट्ट मिटले होते आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय की काय म्हणून थोरलीनं बघितलं, तर मेली हसत होती.

तपासणीस बाईंनी वही पुन्हा उघडली. म्हणाल्या, त्यांच्याकडेही माणसं चुका लपवतात, पण का लपवल्या ते कुणी सांगत नाही. मग जिन्याकडे बोट करून एकच प्रश्न विचारला. ही पायरी पडून पुन्हा जागेवर बसेल का, आणि मनोरा न हलता?

"किती वेळा?"

"लोक कंटाळेपर्यंत."

"चार दिवस द्या."

ते चार दिवस टेबलाशी दोघीच. पायरी काढली की मनोरा कलायचा, ठेवली की पडायची नाही, आणि पडायला लागली ती कंदीलवाला पाचव्या पायरीवर असतानाच. धाकटी शेजारी बसून म्हाताऱ्याला बोटांनी चढवायची आणि दर वेळी, "नाही ताई, अजून खरं वाटत नाही." थोरली म्हणायची, तूच बांध मग. धाकटीनं एकदा खरंच हात लावला आणि मनोरा कोसळला, तेव्हा थोरलीला एकवीस वर्षांत झाला नव्हता इतका आनंद झाला. तिनं तो लपवलाही नाही.

तिसऱ्या दिवशी उपाय सापडला, तो तिच्याच जुन्या कामात. आगीच्या बंबाची शिडी वरखाली व्हायला तिनं फार पूर्वी एक बिजागरीचा ठोकळा वापरला होता. तो पायरीच्या एका कडेला लावला आणि मागे भिंतीत न दिसेल असा एक जड ठोकळा टांगला. पाय पडला की पायरी खाली, म्हातारा तळघरात. वजन गेलं की पायरी आपोआप वर. मनोऱ्याचा भार तिनं आठवीवर आणि दहावीवर वळवला होता.

तो नमुना ती घरी घेऊन आली आणि खालच्या खोलीत सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, म्हाताऱ्याला उचललं, चढवलं. नववीवर खट्ट आवाज झाला आणि कंदीलवाला गेला खाली. सासूबाई आधी दचकल्या. मग तो जाडसर, खोकल्यासारखा आवाज. पुन्हा चढवलं, पुन्हा पडला. अकरा वेळा पडला.

"थोरले," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हे तू केलंस?"

"हो."

"एकटीनं?"

दारात धाकटी उभी होती. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसत म्हणाली, "पायरी माझी. पडायचं हिनं सांगितलं."

तपासणीस बाईंनी मान्यता दिली आणि जाताना सांगून गेल्या की पहिल्या पानावर दोघी हव्यात. मोजपट्टी साहेबांनी मनोऱ्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, अशी अंतरं मोजून दोघींना उभं केलं. गवंडीणबाई मोरपंखी, मान सरळ, नजर सरळ, हसू डावीकडून. सगळं सरावाप्रमाणे. धाकटी धावत आली ती साध्या पांढऱ्या सदऱ्यात, केसांतून नुसता हात फिरवून. आणि दिव्याच्या उजेडात अशी काही दिसली की फोटोवाला म्हणाला, "वा." बटण दाबलं ते त्याच क्षणी.

पुस्तिका छापून आली. धाकटी समोर बघून हसतेय. आणि शेजारी गवंडीणबाई, मान तशीच सरळ, पण डोळे पार कोपऱ्यात, जावेवर. लाखभर प्रतींत.

पत्रं यायला लागली. साहेब ती चहाच्या वेळी मोठ्यानं वाचत. एकानं लिहिलं होतं की मनोरा सुरेख आहे, पायरी तर कमालच आहे, आणि पहिल्या पानावरच्या मोठ्या बाई धाकटीकडे किती कौतुकानं बघताहेत, असं प्रेम हल्ली दिसत नाही. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. रंगखात्यातल्या बाईंनी डोळे टिपले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तर ते पान कापून आपल्या खोलीत लावलं, आणि ओळखपत्र मात्र तरीही मागत राहिला.

गवंडीणबाईनं कपात नाक खुपसलं. चहा संपवून टेबलाशी आली तर तिच्या प्रतीवर, बरोबर तिच्या फोटोवर, पिवळी चिठ्ठी होती. गोल अक्षर, मोत्यांसारखं.

'ताई, डोळे एक छटा जास्त उजवीकडे.'

तिनं खोलीभर नजर टाकली. धाकटी पाठमोरी, कुणाशी तरी गप्पा मारत उभी, खांदे हलताहेत. थोरलीनं चिठ्ठी सोडवली, पुन्हा एकदा वाचली, आणि चष्म्याच्या डबीत, फडक्याखाली ठेवून दिली.